गोणीवर लेबल चिकटत नाही

शनिवारी सकाळी तालियाच्या तोंडातून कागदाचा बोळा काढताना मोझेलला त्यावर प्रेशर कुकरची जाहिरात दिसली आणि तिची झोप उडाली. लेक झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत इतकी पूर्ण ती पहिल्यांदाच उडाली असेल.

कारण तालिया ज्या गोणीला टेकून बसली होती, तिच्यात कुकर असायला नको होता. तिच्यात देव असायला हवा होता.

अंबरनाथच्या त्या लहानशा बेने इस्रायली ज्यू मंडळींना रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हता. प्रार्थना चालवायला हझान होते, एलिझर झिराडकर, म्हणजे मोझेलचे सासरे, घरातले पप्पा. कारखान्याच्या तपासणी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर तपासायला घेतलं होतं. मिठावर लेबल, साखरेवर लेबल. पाळण्यावरही एक होतं, 'तालिया'. जणू चुकून दुसरंच कुणी झोपेल.

देवाचं नाव असलेला कागद जीर्ण झाला तरी फेकायचा नाही, जाळायचा नाही. माणसासारखा मातीत पुरायचा. वर्षभराची फाटकी पानं झिराडकरांच्या घरी साठत आणि 'तू बिश्वात'ला, म्हणजे झाडांच्या वाढदिवसाला, पुरली जात. वर एक रोप लागे. यंदा त्यात पप्पांच्या वडिलांचं प्रार्थनेचं पुस्तकही होतं. त्यातच बोट ठेवून पप्पा अक्षरं शिकले होते. आता पुस्तकाचा कणाच सुटला होता.

आणि यंदाच पप्पांनी प्रवचनात जाहीर केलं होतं, "पृथ्वी आपल्याला भाड्याने दिलेली आहे. खोली सोडताना झाडून-पुसून द्यायची. यापुढे मातीत प्लॅस्टिक जाणार नाही."

म्हणून शुक्रवारी, तालिया झोपल्यावर, मोझेलने पवित्र पानं लेबलवाल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून तागाच्या गोणीत भरली. गोणीवर लेबल चिकटेना. शेजारी तशीच दुसरी गोणी होती, सोसायटीच्या रद्दीची. ती मोहीमही पप्पांचीच. शब्बाथचे दिवे लावायची वेळ होत आली होती, टेम्पोवाला खालून हाका मारत होता, तालिया उठून रडत होती. मोझेलने अर्धवट झोपेत एक गोणी दाराबाहेर सरकवली.

आता शब्बाथ होता, शनिवारी सूर्य मावळेपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. फोन करायचा नाही, रिक्षात बसायचं नाही. आणि शब्बाथला कुणाला वाईट बातमी सांगायची नाही, हा तर पप्पांचा लाडका नियम. मोझेल दिवसभर बसून राहिली. खिडकीतून उन्हाचा पट्टा हळूहळू गोणीवर चढला, कुकरवर रेंगाळला आणि उतरला. तालिया त्या उन्हाला मुठीत धरायला बघत होती. घर इतकं शांत होतं की मोझेलला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत आणि हे सगळं त्या झोपेतलंच आहे.

संध्याकाळी शब्बाथ सुटला तेव्हा तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पप्पाच म्हणाले, "उद्या तू बिश्वात. बाबांच्या पुस्तकाला नीट निरोप द्यायचा." मग तिने ओठ मिटून घेतले.

रविवारी सकाळी तिने तालियाला कडेवर घेतलं.

"पप्पा, मी कॅम्प दोनच्या बाजारात जाऊन येते. सुतळी हवीय."

"सुतळी? मग मीपण येतो. मलिद्याच्या पोह्यांना पत्रावळ्या हव्यात. थर्माकोल मी कुणाला आणू देणार नाही."

नको म्हणायला कारण सुचेना. रिक्षात पप्पा तिला पत्रावळी किती दिवसांत कुजते ते सांगत होते आणि ती मान डोलवत होती. टेम्पोची रद्दी तिथल्या टहलरामदादांच्या दुकानात जाते, एवढंच तिला माहीत होतं. बाजारात पप्पा पत्रावळ्यांच्या दुकानात शिरले तशी ती गल्लीत वळली.

टहलरामदादा म्हणजे सत्तरीचे सिंधी गृहस्थ. तागडीशेजारी चहा फुंकत बसले होते.

"दादा, शुक्रवारच्या टेम्पोत एक गोणी आली. चुकून दिली आम्ही. गेली का पुढे?"

"वो अंबरनाथवाली? आओ बेटा, चप्पल काढ के आओ."

त्यांनी मागची खोली उघडली. आत उदबत्तीचा वास होता आणि छतापर्यंत तशाच तागाच्या गोण्या होत्या.

"गोनी खोली तो लिखाई देखी. उलटी बाजूसे चालते ती. माझा बाप तशीच लिहायचा, सिंधी. भाषा समझा नहीं, पर हाथ रुक गया. म्हटलं, इसमें भगवान है. भगवान को मैं काटे पे नहीं चढाता."

"आणि ह्या बाकीच्या?"

"शादी के कार्ड. गणपतीवाले, झूलेलालवाले, सगळे. लोक रद्दीत टाकून मोकळे होतात, मग मी काय करू? तीस साल से सांभाळतोय. सून बोलते, दादा, मेरा पार्लर यहीं होगा, तुम्हारा भगवान कुठेतरी शिफ्ट करा."

मोझेलला हसू आलं आणि लगोलग डोळेही भरले. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"सुतळी मिळाली का?"

पत्रावळ्यांचा गठ्ठा काखेत धरून पप्पा उभे होते. चपला त्यांनी आधीच काढल्या होत्या.

"पप्पा, मी चुकून..."

"मला कालच कळलंय. तालियाच्या तोंडात कुकर बघितला मी."

"मग बोलला का नाहीत?"

"शब्बाथला वाईट बातमी सांगू नये." त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. "रात्री बोलणार होतो. पण तुझा चेहरा असा होता, म्हटलं, तू आधीच जेमतेम दोन तास झोपतेस, तेही जायचे. आणि सकाळी तू सुतळी काढलीस. तपासणीतल्या माणसाला सुतळी सांगतेस होय?"

टहलरामदादा एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. "साईं, आप लोग इसका क्या करते हो?"

"पुरतो. वर झाड लावतो."

"झाड?" दादांनी खोलीभर नजर फिरवली. मग फार हळू विचारलं, "आमच्यासाठी जागा होईल?"

दुपारी बदलापूरच्या अलीकडे, हरिचंद्रच्या शेताच्या बांधावर टेम्पो थांबला. जागा दरवर्षी हरिचंद्रच देई. गोण्या उतरायला लागल्या तसा तो फावड्यावर हनुवटी टेकून मोजू लागला.

"साएब, एक गोन बोललाव ना? मी एकाच गोनीचा खड्डा खनलाय."

"अजून अकरा आहेत."

"अकरा? तुमच्यात यंदा लईच वाचन झालेलं दिसतंय."

मलिद्याला आलेल्या सगळ्या मंडळींनी बाह्या सरसावल्या. पप्पांचा बेत पक्का होता. आपला खड्डा वेगळा, दादांचा चर वेगळा, प्रत्येकाने आपापली प्रार्थना म्हणायची. चर खणेस्तोवर ऊन मऊ झालं. टेकड्यांवर पिवळट धूर उतरला, कोपऱ्यात कुणीतरी मलिद्यासाठी गूळ-खोबरं घालून पोहे कालवत होतं आणि तालिया मातीच्या ढिगावर राणीसारखी बसली होती.

"आण आता आपली गोणी," पप्पा म्हणाले.

मोझेलने बघितलं. बारा गोण्या. बारांची तोंडं टहलरामदादांनी एकसारख्या सुतळीने शिवून टाकली होती.

"पप्पा, आपली कुठली?"

पप्पा एकेका गोणीभोवती फिरले. तीस वर्षं तपासणीत काढलेल्या हातांनी त्यांनी दाबून पाहिलं, उचलून पाहिलं, एकदा कानही लावला. सूर्य टेकडीला टेकला होता. टहलरामदादा डोक्यावर रुमाल टाकून उभे होते.

"खोलू काय?" हरिचंद्रने विळा काढला.

पप्पांनी त्याच्या हातावर हात ठेवला. मग ते चराकडे वळले.

"राहू दे," ते म्हणाले. "माती कुठे वाचते."

बाराही गोण्या चरात गेल्या. पप्पांनी प्रार्थना म्हटली. वडिलांच्या पुस्तकाची आठवण आली तिथे आवाज जरा हलला, तेव्हा शेजारून दादांचं पुटपुटणं त्यात मिसळलं. वर जांभळाचं रोप लागलं. मोझेल तालियाला मांडीवर घेऊन तिथेच मातीत बसली. आठ महिन्यांत प्रथमच तिला जागं राहावंसं वाटत होतं.

सवयीने पप्पांचा हात खिशात गेला. त्यांनी लेबलांची पट्टी बाहेर काढली, पेनाचं टोपण उघडलं, रोपाकडे बघितलं. मग टोपण लावून पट्टी परत खिशात टाकली.

"लावा की लेबल, पप्पा," मोझेल म्हणाली. "कळायला नको कुणाचं झाड ते?"

"नको," पप्पा म्हणाले. "लेबल प्लॅस्टिकचं आहे."