बहात्तर बिल्ल्यांच्या मोहिमेची हकीकत

कागद करण्यास कारण ऐसें जे, सोलापूर शहरीं डाक्टर गुलनाज यांणीं प्रबंधाचे रणांत जी झुंज दिली तिजविषयीं लोक भलतेंसलतें बोलतात, म्हणोन खरें तें लिहिलें. आम्ही कॉलेजांत बाईंचे विभागाचे शिपाई. चहा आमचेच हातें जातो, सबब मसलती आमचे कानीं पडतात.

बाईंनीं टॉवेलाचे कारखान्यांत चोवीस विणकर गांठोन प्रत्येकाचा रक्तदाब तीन वेळां मोजिला, सकाळीं, जेवणानंतर आणि पाळी सुटतां. मागांचे खडखडाटांत दिवसभर दाब चढतो कीं नाहीं, हाच सर करावयाचा किल्ला. नांवें गुप्त राखावीं ऐसें कॉलेजाचे नीतिसमितीचें फर्मान, म्हणोन बाईंनीं छातीवरील बिल्ल्याचा नंबर तेवढा टिपिला आणि संगणकांत बहात्तर नंबर भरिले आणि साधें ॲनोव्हा, म्हणजे गटांचे सरासरींतील फरकाची झडती, चालविलें, मग उत्तर आलें कीं फरक कांहींच नाहीं. शुक्रवारीं प्रबंध दाखल न जाहल्यास सहा महिने पाण्यांत. बाई रडकुंडीस आल्या आणि आम्हांसही चहा गोड लागेना.

मग संख्याशास्त्राचे सरदार पंचाक्षरी सर, ज्यांचे कपाळींची आठी रविवारींही उतरत नाहीं, यांणीं तक्ता पाहोन फर्माविलें कीं, बहात्तर माणसें आणिलीं कोठून? माणसें चोवीस. कोणाचा दाब मुळांतच जास्त, कोणाचा कमी, तस्मात ज्याचा सकाळचा आंकडा त्याच्याच संध्याकाळच्या आंकड्याशीं ताडावा, यास रिपीटेड मेजर्स ॲनोव्हा म्हणतात. हुकूम रास्त. परंतु कारखान्याचा रिवाज ऐसा कीं गडी सकाळीं एक, जेवणानंतर दुसरा आणि चहानंतर तिसरा बिल्ला लावितो. कोणता कोणाचा, बाईंचे कागदीं पत्ता नाहीं.

मग बाई रिक्षानें कारखान्यावर चालोन गेल्या, आम्ही संगें. दरवाज्यावर बिल्ल्यांच्या मुखत्यार गौरम्मा. त्यांणीं बाईंची नंबरांची यादी वाचिली.

"अवो डाक्टरबाई, बिरप्पा एकच हाय की! त्याची तीन मानसं कशी केली तुमी?" ऐसें बोलोन त्यांणीं भिंत दाखविली. चोवीस खुंट्या, प्रत्येकीवर नांव, आणि नांवाखालीं तीन ठरलेले बिल्ले. बिरप्पाचे सात, चाळीस आणि त्रेसष्ट. "मला इचारायचं तरी!"

बाई लाजल्या आणि लिहूं लागल्या.

मग नांवें पुनः झांकोन माणशीं एकच क्रमांक दिल्हा. सरांनीं बजाविलें कीं उत्तर कांहींही येवो, तेंच लिहावें. बाईंनीं मान डोलाविली. वेळावेळांतील फरकांचा पसारा सारखा आहे कीं नाहीं, ही परीक्षा प्रथम घेतली, तों सारखा नाहीं ऐसें निघालें. मग ऐसे वेळीं निकाल अधिक कडक करणारी ग्रीनहाउस-गायसर यांची दुरुस्ती लाविली, आणि इतकी कडक झडती होऊनही उत्तर आलें कीं दाब चढतो, खात्रीनें चढतो. बाईंनीं आम्हांस मिठी मारावयाची तेवढी बाकी ठेविली.

शुक्रवारीं पांचास दहा मिनिटें कमी असतां प्रबंध दाखल जाहला. बिरप्पानें आपलें नांव या कागदीं लिहिण्यास खुशीनें रजा दिल्ही. "म्या एकटाच हाय, ह्ये पक्कं लिवा," इतकीच त्याची अट.

ऐसी फत्ते जाहली. चोवीस असामी सुखरूप परतल्या. अठ्ठेचाळीस कामीं आले, ते मुळांत नव्हतेच.