घोडीवर बसलेली तार

बडोद्यात, समा भागात, आमच्या शेजारी चिटणीस काका एकटे राहतात आणि त्यांच्या घरातली स्पीकरची तार जमिनीला पाय लावत नाही. खोटं नाही सांगत. दर हातभर अंतरावर एक छोटीशी लाकडी घोडी, तिच्यावर तार. फरशीला टेकली तर आवाज "जड होतो" म्हणे. काका स्वतः अनवाणी, तार मात्र घोडीवर.

रेकॉर्ड प्लेअर तर त्याहून भारी. त्याची तबकडी लोहचुंबकावर तरंगते. खाली काळ्या दगडाची लादी, लादीखाली पितळी खिळे, खिळ्यांखाली पुन्हा पितळी चकत्या. काका रिटायर होईपर्यंत रिफायनरीत पंपांची थरथर मोजायचे. आता घरात पंप नाही, तरी बंदोबस्त चालूच.

नवीन काही आलं की मला फोन. "ये ने, ऐकून सांग." मग फ्रिज बंद, पंखा बंद, मी मधल्या खुर्चीत, आणि काका मागून विचारणार, "फेर पडला?" बडोद्याच्या मराठीत फरक पडत नाही, फेरच पडतो.

आता खरं सांगतो. मला एकदाही फेर पडलेला नाही. फाफडा कुरकुरीत आहे की सादळलाय, एवढंच माझ्या कानांना कळतं. पण पहिल्याच वेळी तोंडातून निघून गेलं, "काका, पडदा उघडल्यासारखं वाटतंय." झालं. काकांनी अख्ख्या सोसायटीत सांगितलं, याचे कान सोन्याचे आहेत. खालच्या मजल्यावरून मिक्सर ऐकायला बोलावणं आलं. आता सोन्याचे कान परत कुठे करणार? मी थापा वाढवत गेलो. एकदा तर डोळे मिटून म्हणालो, "तबला अगदी डाव्या कोपऱ्यात बसलाय." सतारीचा आलाप चालू होता. तबलजीने अजून हातही लावला नव्हता. काका नुसतं "हं" म्हणाले.

परवा शुक्रवारी फोन आला, "नवी तार आज येतेय. उद्या ये." शनिवारी गेलो, बसलो, ऐकलं.

"फेर पडला?"

"काका, जुनी तार म्हणजे गोधडीतून ऐकणं होतं हो. हिच्यात वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतोय."

मी रंगात आलो आणि बेल वाजली. "बारणं उघड," काका म्हणाले. दारात कुरिअरवाला. खोक्यावर ठळक अक्षरांत: स्पीकर केबल.

खोकं धरून मी तसाच उभा. "मग आत्ता मी काय ऐकलं?"

"जुनीच." काकांनी खोकं न उघडताच कपाटावर ठेवलं. "काल यायचं होतं पार्सल. तुला आजचं सांगून बसलो होतो. म्हटलं, आता नको कशाला म्हणायचं."

"काका, मला ना, खरं तर कधीच काही…"

"ठाऊक आहे रे. कधीपासून ठाऊक आहे."

"मग बोलावता कशाला?"

काका रेकॉर्डवर ब्रश फिरवत राहिले. "कानवाले खूप येऊन गेले. पाच मिनिटं ऐकतात, चूक काढतात, निघतात. तू बाजू संपेपर्यंत बसतोस." मग रेकॉर्ड उलटवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही बाजू जरा लांब आहे. घाई असेल तर जा."

घाई होती. शहरातच, अकोट्याला, मैत्रीण माझ्यासाठी जेवायला थांबली होती. तिला मेसेज केला: उशीर होईल, तू जेवून घे.