नऊ तुरे आणि सरकारी चौकट

शेवटी भाऊजी परत आले ते सरकारी पडदा डोक्यावर घेऊन. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. भाऊजी परत आलेले नाहीत, पडदा अजून भिंतीवर आहे आणि मी कुणाच्या डोक्याला हातही लावलेला नाही. आपण सुरुवातीपासून जाऊ, कारण सुरुवातीला माझी बाजू भक्कम होती.

मी मामांच्या सलूनमध्ये कारागीर आहे. सलूनमध्ये खुर्च्या दोन. पहिली मामांची. दुसरीवर मामा जुनी वर्तमानपत्रं ठेवतात. मामा जेवायला गेले की मी पहिल्या खुर्चीवर हात चालवून घेतो. दुसरी खुर्ची आपल्या नावावर व्हावी ही माझी आयुष्यातली एकमेव महत्त्वाकांक्षा, आणि ‘नऊ वाऱ्यांचा रखवालदार’ हे माझं एकमेव प्रेम. म्हणूनच तुझं कुठे जमत नाही, असं ताई म्हणते.

ज्यांनी हा जपानी ॲनिमे पाहिलेला नाही त्यांच्याबद्दल मला फक्त कीव आहे. त्यातल्या रखवालदाराच्या डोक्यावर केसांचे नऊ तुरे असतात, ताठ, प्रत्येक वाऱ्याचा एक. तो खोटं बोलला की एक तुरा पडतो. शेवटच्या लढाईत एकच तुरा उभा असतो, आणि त्या एका तुऱ्यावर तो जग वाचवतो. मी कारागीर झालो तो त्या तुऱ्यामुळे. शाळेतल्या गुणांमुळेही झालो, पण ते आत्ता महत्त्वाचं नाही.

तर या ॲनिमेवर खऱ्या माणसांचा सिनेमा आला. मी अख्खं घर घेऊन गेलो. मामा, ताई, भाऊजी. आठवडाभर त्यांना तुऱ्यांबद्दल सांगून ठेवलं होतं. अंधार झाला, रखवालदार डोंगरावरून चालत आला, आणि त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. राखाडी. माकडटोपीची धाकटी बहीण शोभावी अशी.

“हा कोण?” मामांनी विचारलं.

“हिरो.”

“आणि ते तुझे तुरे?”

“टोपीत असतील मामा. थांबा, काढेल तो.”

नाही काढली. जेवताना नाही, झोपताना नाही, प्रेमात पडतानाही नाही. भाऊजी पहिल्या गाण्यालाच झोपले, ते सुखी. शेवटच्या लढाईत प्रचंड वारा सुटला आणि टोपी उडाली. मी खुर्चीच्या टोकावर आलो. टोपीखाली दुसरी टोपी होती.

घरी येऊन दिग्दर्शकाची मुलाखत पाहिली. तो हसत हसत म्हणत होता, “असे केस खऱ्या माणसाच्या डोक्यावर उभे राहूच शकत नाहीत.”

सिनेमा वाईट निघतो, ते मी समजू शकतो. पण हा माणूस माझ्या धंद्याबद्दल बोलत होता.

“कोणत्या कारागिराला विचारलं यानं?” मी मामांना म्हटलं. “मी उभे करून दाखवतो.”

मामांनी चष्मा पुसला. “दाखव. खऱ्या माणसाच्या डोक्यावर, नऊच्या नऊ. मला फोटो आणून दे, दुसरी खुर्ची तुझी. नाही जमलं तर हा रखवालदार माझ्या दुकानात पुन्हा यायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी मामा जेवायला गेले आणि भाऊजी आले. भाऊजी बस चालवतात. त्यांच्या परवान्याची मुदत संपत होती, कचेरीत जाऊन नवा फोटो काढून घ्यायचा तो शेवटचा दिवस होता. त्यांनी बरेच महिने केस कापले नव्हते. दाट, राठ, काटक केस. मी त्या डोक्याकडे पाहिलं आणि मला गहिवरून आलं.

“नेहमीसारखे काप,” म्हणाले आणि झोपले. भाऊजी खुर्चीत बसले की झोपतात. स्टिअरिंग नसलेली कुठलीही खुर्ची त्यांना पलंगच वाटते.

माझा बेत साधा होता. तुरे उभे करायचे, फोटो काढायचा, धुऊन टाकायचं, नेहमीसारखे कापायचे. भाऊजींना कळायचंही कारण नव्हतं.

जेलने तुरे उभे राहिले आणि मामांच्या जुन्या गिऱ्हाइकांसारखे हळूहळू बसले. मग कपाटातून नाटकवाल्यांच्या मिशा चिकटवायचा डिंक काढला. एकेक तुरा ओढायचा, डिंक लावायचा, ड्रायरने वाळवायचा. कंगव्याचे दोन दात सातव्या तुऱ्यात राहिले ते राहिलेच. पण नववा तुरा उभा राहिला तेव्हा सांगतो, मी दोन पावलं मागे सरकलो आणि हात जोडले. ॲनिमेत आहेत तसेच. किंबहुना डावीकडचे दोन जरा सरस.

फोन काढला. फोन म्हणाला, जागा नाही.

जागा कशी असणार? त्यात ॲनिमेचे सगळे भाग भरलेत. एक भाग पुसला असता तर काम झालं असतं. पण तेराव्या भागात रखवालदाराला आई भेटते, तो कसा पुसणार? चौदाव्यात ती पुन्हा हरवते. एकोणिसाव्यात सगळे नुसत्या पायऱ्या चढतात, तो पुसायचं ठरवलं. पण शेवटच्या पायरीवर तो एक वाक्य बोलतो, ते एकदा ऐकून घ्यावं म्हणून लावला. आवाज पूर्ण होता.

भाऊजी जागे झाले. त्यांनी आरशात पाहिलं. मग मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं. मग पुन्हा आरशात.

“हे काय आहे?”

“नऊ तुरे.”

“माझ्या डोक्यावर का आहेत?”

“भाऊजी, तुमच्या केसांत ती ताकद आहे. सगळ्यांच्यात नसते.”

क्षणभर ते सुखावले. मी स्वतः पाहिलं. मग म्हणाले, “फोन खिशात घाल, नाहीतर बेसिनमध्ये घालीन. आणि धू आता.”

धुतलं. पाणी लागल्यावर डिंक जास्तच खूश झाला. डिंक सोडवायची बाटली रिकामी होती. मामांनी ती आरशावरची स्टिकरं काढायला वापरली होती.

“मशीन फिरवतो,” मी म्हटलं. “साफ टक्कल. पाच मिनिटं.”

“टक्कल नाही. मागच्या फोटोत तापातून उठलो होतो, टक्कलच होतं. तेव्हापासून प्रत्येक तपासनीस विचारतो, हे तुम्हीच का? मी तो जाच पुन्हा सोसणार नाही. झाक काहीतरी.”

आणि मग, वाचकहो, मला रखवालदाराचं डोकं झाकावं लागलं. टोपी बसेना, म्हणून सलूनचे दोन टॉवेल गुंडाळले. त्या दिग्दर्शकाचं दुःख काय असेल ते मला पहिल्यांदाच समजलं. मी ते ताबडतोब विसरलो.

बसमध्ये भाऊजींचा दोस्तच गाडी चालवत होता. “काय रे, डोकं फुटलं का?”

“हो,” भाऊजी म्हणाले.

“मेव्हण्याने फोडलं?”

“हो.”

गर्दी होती, ऊन होतं, दोन टॉवेल होते. आत डिंक पुन्हा मऊ होत होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे माझ्या आलं होतं. पण मी म्हटलं, “काही नाही भाऊजी, सगळं ठीक आहे.” माझ्या डोक्यावर नऊ तुरे असते तर तिथे एक पडला असता.

कचेरीतल्या फोटोच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “डोक्यावरचं काढा.”

“मॅडम, जखम आहे.”

“मग बरी झाल्यावर या.”

“आज शेवटचा दिवस आहे.”

“मग काढा.”

भाऊजींनी टॉवेल सोडले. नऊच्या नऊ ताठ. रांग वळून बघू लागली. लोकांचे हात खिशातल्या फोनकडे गेले. पहारेकऱ्याने ‘मोबाईल वापरण्यास मनाई’ या पाटीकडे बोट दाखवलं. रांगेतले एक आजोबा म्हणाले, “हा तर आमच्या नातवाच्या कार्टूनमधला.”

“कार्टून नाही आजोबा, ॲनिमे,” मी म्हटलं.

बाईंनी नियमांचा कागद चाळला. त्यात टोपीबद्दल होतं, चष्म्याबद्दल होतं. तुऱ्यांबद्दल काही नव्हतं. “बसा. मागे टेका. हलू नका.”

फोटो निघाला. सरकारी फोटो, शिक्क्याचा. कुणाची हिंमत नव्हती त्याला खोटं म्हणायची. मी मनातल्या मनात दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलायला लागलो.

“उठा आता,” बाई म्हणाल्या.

भाऊजी उठले. मागचा पांढरा पडदाही उठला.

बाईंनी ओढला, पहारेकऱ्याने ओढला, मी ओढला. भाऊजींनी आम्हा तिघांबद्दल एकच शब्द वापरला. अखेर बाई म्हणाल्या, “परवाना घ्या आणि जा. पडदा कचेरी बंद व्हायच्या आत परत पाहिजे.”

परतीच्या बसमध्ये दोस्ताने या वेळी दोन्ही दारं उघडली.

सलूनच्या दारात मामा आणि ताई उभे. ताईने आधी फोटो काढला, मग नवऱ्याला ओळखलं. मामांनी फोटो पाहिला. पडदा आणि त्याखाली नऊ उंचवटे.

“हा तंबू झाला,” मामा म्हणाले. “तुरे कुठे आहेत?”

“थांबा मामा. सरकारी पुरावा आहे.” मी परवाना पुढे केला.

मामांनी तो दूर धरला, जवळ धरला. फोटोत भाऊजींचा चेहरा होता. हनुवटीपासून भुवयांपर्यंत, शांत, सज्जन. वर थोडं कपाळ. मग चौकट.

“यात कुठेत?”

“चौकटीच्या वर.”

“सिनेमात टोपीच्या आत, इथे चौकटीच्या वर.” मामांनी परवाना भाऊजींना दिला. “फोटो मात्र झकास आलाय हो जावईबापू. तुम्हीच आहात हे लगेच कळतं.”

पडदा वेळेत परत द्यायचा होता. मामांनी स्वतः कात्री घेतली आणि भाऊजींचे तुरे मुळाशी कापले. मी पडदा हातात धरून कचेरीत नेला. आतून नऊच्या नऊ उभे होते. वाटेत एकही पडला नाही. ही गोष्ट मी आजही मान ताठ ठेवून सांगतो, दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं झटकताना.

तरी माननीय परवाना अधिकारी यांस नम्र विनंती की, बसचालकांच्या परवान्यावरील फोटोची चौकट वरच्या बाजूने एक वीत वाढवून, आमच्या भाऊजींचा फोटो पूर्वलक्षी प्रभावाने पुन्हा छापून मिळावा. पडदा तोवर धुऊ नये. आणि सातव्या तुऱ्यातले कंगव्याचे दोन दात अर्जदारास परत करावेत. प्रत माहितीसाठी: सदर सिनेमाचे दिग्दर्शक, टोपी काढून वाचण्यासाठी.