तंबूला धूप

दसऱ्याच्या दिवशी मी प्रभाकर भावजींच्या तंबूला धूप घातला. आतून-बाहेरून, कोपरान् कोपरा. झिपला हळदकुंकू लावलं. बंदूक त्यांच्या घरी कुलपात होती, म्हणून तिच्या रिकाम्या पिशवीवर अक्षता टाकल्या. शस्त्रपूजा म्हणजे शस्त्रपूजा. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अवकाश होता.

भावजी आमचे शेजारी. त्यांच्या बॅकयार्डमध्ये स्विमिंग पूल, म्हणून शिकारीआधी पंधरा दिवस तंबू आमच्याकडे उभा. वास उडायला; जनावराला तो लगेच कळतो. जन्म गेला इथे अमेरिकेत, चँडलरच्या कॉम्प्युटर-चिपच्या फॅक्टरीत, जिथे धुळीचा कण चालत नाही. आणि सुट्टी मिळाली की हा गृहस्थ उत्तरेच्या जंगलात मातीत झोपणार. ऑफिसातले मित्र मोटेलमध्ये, हे तंबूत. मित्र गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतात, तोवर मी झाडाखाली बसलेला असतो, असं ऐटीत सांगायचे. थंडीचं विचारा, पावसाचं विचारा, अस्वलाचं विचारा, उत्तर एकच: “झिप ओढली, विषय संपला.”

आठ दिवस आधी भावजींचं हिंग-लसूण बंद. माझी खिडकी उघडी दिसली की भिंतीपलीकडून हाक यायची, “वहिनी, फोडणी तंबूवर येतेय.” मग मी चिमूटभर हिंग जास्तच घालायचे.

त्यांची बायको शैला होती तेव्हा हाच माणूस हीटर चालतो ना, हे दोनदा फोन करून विचारायचा आणि मगच तिच्यासाठी मोटेलमध्ये खोली घ्यायचा. ती गेली आणि तंबू आला. म्हातारपणाचं खूळ, असं आमच्या ह्यांना सांगून मी मोकळी झाले होते.

एरवी हरणावर भागायचं, पण त्या वर्षी त्यांना एल्कच्या शिकारीचं परमिट लागलं होतं. एल्क म्हणजे सांबराचा थोराड अमेरिकन भाऊ. परमिट लॉटरीने मिळतं आणि भावजींचं नाव नऊ वर्षांनी आलं होतं; पहिला अर्ज शैलाने भरून दिला होता. निघताना त्यांना कडक सर्दी. झिपवरचं कुंकू पाहून हसले, पण धूप काही नाकाला कळला नाही.

परतले रिकाम्या हाताने. एल्क चाळीस पावलांवर आला, नाक वर केलं आणि चुकून कुणाच्या सत्यनारायणाला शिरल्यासारखा ओशाळून मागे फिरला. तंबूतल्या धुपाने भावजींचे सगळे कपडे घमघमत होते. जंगलाला कळलं, सर्दीमुळे त्यांना तेवढं कळलं नव्हतं.

मी कबुली दिली. ते रागावले नाहीत. एल्कला प्रसाद ठेवला असता तर थांबला असता, एवढंच म्हणाले. त्याने मला जास्तच लाज वाटली. मग मी दुसरा शहाणपणा केला. पुढच्या मोसमासाठी जंगलाला लागून असलेल्या लॉजमधली सगळ्यात ऐसपैस खोली परस्पर बुक केली. हीटर, गरम पाणी, हा एवढा पलंग.

भावजी आमच्या बॅकयार्डमध्ये तंबूची घडी घालत होते. कॅन्सल करा म्हणाले. मी ऐकेना, पाठीचं दुखणं काढलं, वय काढलं, शेवटी हट्ट कसला एवढा, असंही विचारलं. त्यांनी घडी पिशवीत सरकवली, नाडी ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

“वहिनी, त्या पलंगावर दोन उशा ठेवतात हो. तंबूत एकच मावते.”