चूलबंद आवतन

सुरतेत बमरोलीच्या घरावर दुसरा स्लॅब पडला, भिंतींचा रंग वाळला, घरभरणीचा रविवार ठरला, आचारी सांगून झाला. तरी धुडकूआप्पांच्या घरात एक गोष्ट अशी होती की तिचं नाव कोणी काढत नव्हतं. कामरेजला आवतन द्यायला कोण जाणार?

कामरेजला बन्सीलाल राहायचे, आप्पांचे सख्खे मोठे भाऊ. दोघे तरुणपणी खानदेशातून एकाच गाडीने सुरतेला आले, एकाच मिलमध्ये राबले, एकाच खोलीत राहिले. पुढे बन्सीलालांनी कामरेजला पिठाची गिरणी टाकली आणि घरात कार्य निघालं की बट्टीचं जाडसर पीठ तिथूनच यायला लागलं. बिघडलं ते आप्पांच्या मुलाच्या, चेतनच्या लग्नात. हॉल लहान होता, म्हणून आप्पांनी सगळ्यांनाच घरटी एक माणूस असं आवतन धाडलं. सगळ्यांना म्हणजे सख्ख्या भावालाही. आता भाऊबंदाला द्यायचं ते चूलबंद आवतन, ही खानदेशातली रीत. म्हणजे त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटायची नाही आणि म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळं घर आपल्याकडे जेवणार. बन्सीलाल घरटी एक या हिशेबाने एकटेच आले, अक्षता टाकल्या आणि पाण्याचा घोटही न घेता निघून गेले. चूक दोघांची होती आणि दोघांना ती ठाऊक होती, म्हणूनच अबोला इतका टिकला.

शेवटी आप्पांच्या बायकोनेच, सुभद्राबाईंनी, विषय काढला. "कुंकू-अक्षता ल्या आनि कामरेजले जा. भाऊना दारशी जावाले काय पाय झिजतस का?"

"तो उना व्हता का मना दारशी?" आप्पा म्हणाले. भावाने यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. नव्या घरात पहिला पाय मोठ्या भावाचा पडावा म्हणून त्यांनी उंबऱ्याला दोनदा रंग दिला होता. पण मान वाकवायची म्हटलं की आप्पांच्या मानेत लोखंड शिरायचं.

इथे चेतनला वाट सापडली. चेतन दिवसा कापड मार्केटमध्ये कॉम्प्युटरवर बिलं फाडायचा आणि संध्याकाळी वडिलांचे व्हिडिओ काढायचा. 'धुडकूआप्पा बमरोलीवाले' या नावाने. आप्पांनी अहिराणीत मिक्सरला, लिफ्टला, हवा भरलेल्या वेफरच्या पुडीला झापायचं, एवढाच मामला. मध्यंतरी ते खूप चालले. मग अ‍ॅपने आपला विचार बदलला. कोणाला काय दाखवायचं हे अ‍ॅपच ठरवतं आणि ठरवायची तऱ्हा सारखी बदलतं. एकदा म्हणे छोटे व्हिडिओ आवडतात, मग म्हणे लांब आवडतात, मग गाणं हवं, मग गाणं नको. चेतन रुसलेल्या जावयामागे धावावं तसा त्याच्यामागे धावत होता. आप्पांनी मात्र पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की झापीन ते माझ्या मनाने झापीन, कोणा यंत्राच्या तालावर नाचणार नाही. चेतनने एकदा त्यांच्या डोळ्यांना काळा चष्मा लावून पाहिला. तो चष्मा अजून गटारीत आहे.

"आप्पा," चेतन म्हणाला, "मोठे बाबा गिरणीवर बसून दिवसभर मोबाईलच बघतात. आवतनाचा व्हिडिओ टाकू. त्यांच्यापर्यंत पोहोचेल, आणि तुम्हाला कामरेजला जायलाही नको."

आप्पांना ही कल्पना फार आवडली. मान न वाकवता आवतन देता येतं, यासाठी का होईना, त्यांना मोबाईलबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

पहिला व्हिडिओ रीतसर झाला. आप्पा धुतलेलं धोतर नेसून पाटावर बसले, पुढ्यात अक्षतांचं ताट. कुलदेवीचं नाव घेतलं, आजोबा-पणजोबांचं घेतलं, 'समस्त भाऊबंद' म्हणाले, रविवार सांगितला आणि चूलबंद आवतन दिलं. सुभद्राबाईंनी विचारलं की भाऊजींचं नाव कुठे आहे. आप्पा म्हणाले, समस्तमध्ये आला तो. हा व्हिडिओ घरातल्या माणसांनी पाहिला आणि मग कोणीच पाहिला नाही.

चेतनने मार्केटमधल्या जाणत्या पोरांना विचारलं. ते म्हणाले, सुरुवातीलाच काहीतरी घडायला पाहिजे, नाहीतर लोक अंगठा मारून पुढे जातात आणि अ‍ॅप रुसतं. म्हणून चेतनने कुलदेवी कापली. आजोबा-पणजोबाही गेले. दुसऱ्या व्हिडिओत आप्पा थेट कॅमेऱ्यात बोट नाचवून "चूल बंद ठेवा" असं दरडावत होते. तो जरा चालला. मग पोरं म्हणाली, अजून आखूड कर. 'समस्त भाऊबंद' या शब्दांवर लोक निसटतात, असं चेतनला त्याच्या आकड्यांत दिसलं. तेही गेले. पुढच्या आठवड्यात अ‍ॅपला जवळपासचं दाखवायची हौस आली, म्हणून चेतनने बमरोलीचा नकाशा डकवला. शेवटी जे उरलं ते असं होतं: आप्पा डोळे वटारून सांगतायत की रविवारी चूल बंद ठेवा, घरात एक माणूस ठेवू नका, सगळे बमरोलीला जेवायला या, जो येणार नाही त्याच्याकडे मी बघून घेईन. वर घराचा पत्ता.

हा व्हिडिओ अख्ख्या सुरतेने पाहिला. चेतन आनंदाने बेभान झाला. अ‍ॅप आपल्याला कळलं, असं तो बायकोला, धनश्रीला, दर तासाला सांगत होता. धनश्रीने एकदाच विचारलं की यात आवतन नक्की कोणाला दिलंय. चेतनने ते ऐकलं नाही, कारण तो आकडे बघत होता.

रविवारी आनंदा आचाऱ्याने गल्लीत भट्ट्या मांडल्या. वरण उकळत होतं, वांग्याची भाजी शिजत होती, बट्ट्या तळायला घेतल्या होत्या. पीठ यंदा बाजारातलं होतं, मैद्यासारखं बारीक, आणि आनंदाने त्याबद्दल सकाळपासून तोंड वाकडं ठेवलं होतं. अजून भाऊबंद यायचे होते, तोवर दोन स्कूटरवरून एक कुटुंब उतरलं. आजी, आजोबा, पोरं, कडेवर एक. आप्पांनी हात जोडले आणि आपण कोणाकडचे, असं विचारलं.

"काका, अमे तो उधनाथी आव्या," गृहस्थ कौतुकाने म्हणाले. "सवारथी गॅस बंध राख्यो छे."

उधन्याहून, सकाळपासून गॅस बंद ठेवून आलेल्या या पाहुण्यांना आप्पा काही म्हणायच्या आत मागून लूमवर काम करणारी ओडिशाची पोरं आली. त्यांना शब्द एकही कळला नव्हता, पण आप्पांचं बोट कळलं होतं. त्यांच्यामागे एक भजनी मंडळ आपल्या पेटी-तबल्यासकट आलं. मग रिक्षा यायला लागल्या. हजीऱ्याच्या कारखान्यातले चार जण तर आपला बाहेरगावचा पाहुणाही घेऊन आले, कारण घरात एक माणूस ठेवू नका असं सांगितलं होतं. खरे भाऊबंद आले तेव्हा त्यांना बसायला जागा नव्हती आणि ते दारात उभे राहून रागाने कुजबुजत होते.

आनंदाने आप्पांना बाजूला घेतलं. पीठ संपत आलंय, दोरी बांधून रस्ता अडवा, असं त्याचं म्हणणं. कार्यक्रम रद्द झाला असा व्हिडिओ टाकतो, असं चेतनचं म्हणणं. धनश्रीने विचारलं, तो दिसणार कोणाला, जे पंगतीत बसलेत त्यांना?

आप्पांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग उपरणं कमरेला बांधलं. "मी सांगं म्हनीसन यासनी चूल पेटाडी नई," ते म्हणाले. "आते यासले उपाशी धाडू? धुडकू आवतन मांगे लेत नई. वरणम्हा पानी टाका, पंगत बसाडा." आणि स्वतः वरणाची बादली उचलून वाढायला निघाले. त्या क्षणी चेतनला वडिलांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढीच स्वतःची लाज वाटली.

दुसरी पंगत उठत होती तेव्हा सुभद्राबाईंनी आप्पांचं उपरणं ओढलं. रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीजवळ पांढरी टोपी घालून बन्सीलाल उभे होते. शेजारी त्यांची बायको मालतीबाई, डोक्यावर पदर. आप्पा बादलीसकट मांडवाच्या तोंडाशी आले आणि थांबले. तिकडून बन्सीलाल हलेनात. सगळ्या सुरतेचे अनोळखी लोक दोघांमधून खुशाल ये-जा करत होते, आणि सख्खा भाऊ तेवढा रस्त्यापलीकडे.

"उना ते मझार ये," आत ये म्हणायचं तेही आप्पा खांबाकडे बघत म्हणाले.

"आवतनबिगर?"

"व्हिडिओ दखा नई का?"

"दखा. रोज दखा," बन्सीलाल म्हणाले. "तेनाम्हा मनं नाव कोठे से?"

मग मालतीबाईंनी सगळं सांगून टाकलं. गिरणीवर दळण पडून राहतं आणि हे आपले तोच व्हिडिओ लावून बसतात. संपला की पुन्हा पहिल्यापासून. आता नाव येईल, मग नाव येईल म्हणून दर वेळी शेवटपर्यंत. नवा आला की नवा, त्यातही नाव नाही म्हटल्यावर पुन्हा जुना. शेजाऱ्यांनाही दाखवला, नातवंडांच्या मोबाईलवर लावला, न जाणो तिकडे नाव येत असेल.

चेतनला आता आकड्यांचा अर्थ लागला. कुलदेवी कापून, पणजोबा कापून त्याने जे साधलं असं त्याला वाटत होतं, ते त्याने साधलंच नव्हतं. कोणीतरी हा व्हिडिओ सोडतच नाही, दिवसभर शेवटपर्यंत बघतंय, एवढं अ‍ॅपला दिसलं होतं आणि त्याने तो गावभर वाटला होता. सुरत जेवायला आली होती ती मोठ्या बाबांच्या रुसव्यामुळे.

आप्पांनी बादली खाली ठेवली. "चेतन, काढ मोबाईल."

घरातून अक्षतांचं ताट आलं. आप्पा रस्त्याच्या अलीकडे उभे राहिले, कुलदेवीपासून सुरुवात केली, एकही पणजोबा सोडला नाही, आणि मग समोर बघून म्हणाले, "कामरेजना बन्सीलालदादा, मालतीवहिनी, तुमना पोरे, सुना, नातवंडं, सगळासले घरभरनीनं चूलबंद आवतन. चेतनना लगीनम्हा मनी चूक व्हयनी. दादा, तुनाबिगर हाई घर माले घर वाटत नई."

"आप्पा, सुरुवातीला काहीच घडत नाही," चेतन सवयीने पुटपुटला. "एवढा लांब. कोणाला दिसणारच नाही."

"जेले दखाडनं से तो समोर उभा से," आप्पा म्हणाले. "टाक."

चेतनने व्हिडिओ टाकला. आता तरी मोठे बाबा येतील, असं सगळ्यांना वाटलं. पण बन्सीलाल हे त्याच आईचे. त्यांनी खिशातून आपला मोबाईल काढला आणि आवतन व्हिडिओने दिलंय तर ते आपल्या मोबाईलवर येऊ दे, मग बघू, असं सांगितलं. सगळे त्या मोबाईलवर वाकले. साडीचा सेल आला. व्यायाम करणारा पोरगा आला. कुठल्याशा गावची जिलेबी आली. मग आप्पा आले, पण तेच जुने, बोट नाचवणारे. नवे आप्पा काही येईनात. भजनी मंडळ पान खात ताटकळलं.

आप्पांनी रस्ता ओलांडला. ताटातल्या मूठभर अक्षता घेतल्या आणि भावाच्या हातातल्या मोबाईलवर ठेवल्या. काच झाकून गेली. बन्सीलालांनी सवयीने त्यावरून अंगठा फिरवला, पण अक्षता काही वर सरकून गेल्या नाहीत. त्यांनी त्या कपाळाला लावल्या आणि टोपीत ठेवल्या.

मग त्यांनी मागे वळून हात केला. कोपऱ्याआड एक टेम्पो उभा होता. त्यातून मुलगे, सुना, नातवंडं असा सगळा गोतावळा उतरला, भुकेने रडकुंडीला आलेला. कामरेजच्या घरी सकाळपासून चूल पेटली नव्हती. नाव नव्हतं, तरी पेटली नव्हती. टेम्पोतून शेवटी जाडसर पिठाचं पोतं उतरलं, आणि ते पाहून आनंदाचं तोंड दिवसभरात पहिल्यांदा सरळ झालं. नव्या उंबऱ्यावर पहिला पाय बन्सीलालांचा पडला नाही, कारण तोवर अर्धी सुरत आत हात धुऊन आली होती. पण आप्पांनी सगळ्यांना बाहेर काढलं, उंबरा पुसला, आणि भावाला आत घेतलं.

संध्याकाळी गल्ली मोकळी झाल्यावर आप्पांनी चेतनला विचारलं, नवा व्हिडिओ कितीजणांनी पाहिला. चेतनने मोबाईल बघून सांगितलं, एकाच माणसाने.

"शेवटलोंग?"

"शेवटपर्यंत," चेतन म्हणाला. मग त्याने ओट्याकडे मान वळवली. ओट्यावर बन्सीलाल भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या हातातल्या मोबाईलमधून आप्पांचा आवाज येत होता. कुलदेवी झाली, पणजोबा झाले, कामरेजना बन्सीलालदादा झाले. संपलं. बन्सीलालांनी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

सुभद्राबाईंनी ते थोडा वेळ पाहिलं. मग त्या उठून आनंदाकडे गेल्या आणि भट्ट्या उद्यापर्यंत मांडलेल्याच राहू द्या, असं सांगून आल्या.