बोथट टोकाची कट्यार

शनिवारी सायंकाळी सव्वासहा वाजता हिवरखेडला, शेषरावांच्या अंगणात, हळद लागलेल्या कुंदनच्या हातातल्या चाकूवरून लिंबू घसरलं आणि पाटाखाली गेलं. वाजंत्री थांबली नाही. बायका थांबल्या.

"नीट खोच ना रे," पार्बताबाई मुलाला म्हणाल्या.

"कशात खोचू, माय? याले टोकच नाई."

सगळ्या माना सहदेवकडे वळल्या. सहदेव घरचा थोरला जावई. अमरावतीला राहतो, नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात पॅकिंग खात्यावर देखरेख करतो. लग्नात त्याच्याकडे एकच काम होतं: नवरदेवाची कट्यार आणायची. हळदीपासून लग्न लागेपर्यंत ती टोकाला लिंबू खोचून नवरदेवाच्या हातात राहते, हे त्याला ठाऊक होतं. स्वतःच्या लग्नात त्यानेही ती धरली होती.

पण काम सोपवताना सासऱ्यांनी अट घातली होती. मागच्या लग्नात पुतण्याने कट्यारीसकट व्याह्यांना मिठी मारली होती आणि व्याही पंगतीऐवजी धनुर्वाताच्या इंजेक्शनला गेले होते. "यंदा टोकाची नको," शेषराव म्हणाले होते. "आन लग्नानंतर पेटीत पडून राहीन अशी बी नको. फुलाच्या कामाले आली पायजे." घरचा धंदा झेंडूचा.

सहदेवने कारखान्याची खरेदी करावी तशी ही खरेदी केली. इतवारा बाजारातल्या दुकानदाराला त्याने अख्खा ट्रे रिकामा करायला लावला. टोकदार पाती बाजूला काढली. उघडल्यावर पातं घट्ट अडकत नव्हतं ते चाकू नाकारले. असे चाकू काम करताना बोटावर मिटतात. गुळगुळीत मुठीचे गेले, ओल्या हातातून निसटतात म्हणून. उरला एक: रुंद पातं, गोल टोक, खरबरीत हिरवी मूठ, किंमत खिशाला न टोचणारी. त्याने सुतळी कापून पाहिली, खोक्याची पट्टी कापून पाहिली, दुकानदाराच्या डब्यातला कांदाही कापला.

"कोनासाठी पायजे, साहेब?"

"नवरदेवासाठी."

दुकानदार काहीतरी बोलणार होता. सहदेव तोवर पात्याची अडकण पुन्हा तपासू लागला होता.

लिंबू कोणालाच आठवलं नव्हतं, सासऱ्यांनाही नाही. पण चाकू जावयाने आणला होता.

आता सहदेवने पुढे होऊन लिंबाला चीर पाडली आणि पातं आत सारलं. लिंबू बसलं. रस कुंदनच्या मनगटावरून हळदीत उतरला.

"जवाई!" पार्बताबाई ओरडल्या. "चिरलेलं लिंबू उताऱ्याचं असते! लगन लावून राहिले का भूत काढून राहिले?"

दुसरं लिंबू आलं. ते रबराने अडकवलं, तर रबराने ते आत्याबाईंच्या पदरात भिरकावलं. शेवटी सहदेवची बायको गीतांजली उठली. हारांचा दोरा काढून तिने लिंबू पात्याला बांधलं.

"जमलं, भाऊजी," कुंदन म्हणाला. "दुरून कट्यारच वाटते."

"कितीक दुरून?" गीतांजली म्हणाली.

रविवारी अकोटच्या मंगल कार्यालयात नवरीचे वडील नत्थुजी यांनी नव्या जावयाचं, कुंदनचं, पूजन करताना त्याचा चाकूचा हात धरून पाहिला. शेजारी उभ्या सहदेवला विचारलं, "पाहुणे, हे लिंबू बांधलेलं काहून?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मागे सासरे होते, बाजूला सासू.

"आमच्याकडची रीत हाये," सहदेव म्हणाला.

नत्थुजी रीतीभातीचा माणूस. वराकडचं काही उणं राहिलं असं कोणी म्हणू नये, ही त्यांची धास्ती. "मंग सोडाचं कोनं?"

"नवरीच्या मामानं." इतक्यात नवरीचा धाकटा मामा पुढे सरसावलेला दिसला, म्हणून सहदेवने घाईने जोडलं, "थोरल्या मामानं."

थोरले मामा देवराव गुडघ्यांमुळे अकोल्याला घरीच होते. विषय संपला, असं सहदेवला वाटलं.

"गाडी पाठवा," नत्थुजी म्हणाले.

मुहूर्त निघून गेला. गुरुजींनी दोनदा घड्याळ दाखवलं, नत्थुजी म्हणाले, "रीत पयले." पाहुण्यांना पुन्हा सरबत फिरलं. सहदेवने ते घेतलं नाही. अखेर देवराव आले. चौघांनी त्यांना खुर्चीसकट मंचावर चढवलं. त्यांनी गाठ सोडायला घेतली, सुटेना. ती झेंडूवाल्याच्या मुलीने मारलेली गाठ होती.

"कापा ना," कोणीतरी म्हणालं.

"कशानं?" देवराव म्हणाले. मांडवात चाकू एकच होता आणि तोच बांधलेला होता. त्यांनी कुंदनचा हात ओढला आणि गाठ दातांनी तोडली. लिंबू सुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याने त्यांना पुन्हा एकदा चावायला लावलं.

नवरीची आई रुख्मिणीबाई कौतुकाने पार्बताबाईंकडे वळल्या. "तुमच्याकडं दातानंच सोडतेत का, इनबाई?"

पार्बताबाईंनी जावयाकडे पाहिलं. देवाधर्मात त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "पयलेपासून."

लग्न लागलं. पंगतीला कोण बसलं, पत्रावळीवर काय वाढलं, सहदेवने काहीच पाहिलं नाही. तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ हातच धूत राहिला.

लग्न लागलं. चाकू आता मळ्यात झेंडू तोडतो; शेषरावांच्या मते असा चाकू घरात आजवर आला नव्हता. पार्बताबाई जावयाशी बोलतात, पण गीतांजलीमार्फत.

पुढच्या रविवारी अकोटला नत्थुजींच्या पुतण्याचं लग्न आहे. बुधवारी दुपारी त्यांचा सहदेवला मेसेज आला: "तुमची रीत आमाले लय आवडली. घरातल्या जुन्या कट्यारीचं टोक लोहाराकून घासून घेतलं. दोरा आनला. पन तिकडच्या नवरीच्या थोरल्या मामाले दातच नाईत. त्याच्या जागी कोन चालते?"

नत्थुजींच्या फोनवर मेसेजखाली बुधवारपासून दोन निळ्या खुणा आहेत.