आप्पांची नववी चांदणी

आमच्या शेजारच्या आप्पांच्या गच्चीवर तुवालूचा झेंडा आहे. तुवालू हा पॅसिफिक महासागरातला देश, आणि आम्ही राहतो दौंडला. निवडणुकीत दोन पक्षांची माणसं 'उमेदवार कोण?' म्हणून विचारायला आली. आप्पांनी त्यांना चहा पाजला आणि झेंडा समजावून सांगितला. परत कोणी फिरकलं नाही.

मला कुठं पळता येतंय, भिंतीला भिंत आहे. कुरकुंभच्या कारखान्यातली रात्रपाळी करून डोळे चोळत यावं, तर आप्पा दारातच.

"संजू, ध्यान देऊन ऐक."

मग पुराण सुरू. निळा म्हंजी समिंदर. नऊ चांदण्या म्हंजी नऊ बेटं, नकाशात हायेत तशीच मांडलेली. कोपऱ्यात इंग्रजांचा झेंडा. त्यो मधी काढला व्हता, पर परत लावला. का लावला, हे विचारायचं त्राण माझ्यात कधीच नसतं.

आप्पांची निम्मी उमर मेंढरामागं गेली. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. पण धाकटा मुलगा महेश मालवाहू जहाजावर आहे, आणि जहाजाची नोंदणी तुवालूची, म्हणजे त्यावर झेंडाही तुवालूचाच. म्हणून निळं अस्तर आणि बायकोच्या पिवळ्या साडीचे तुकडे घेऊन आप्पांनी हातानं झेंडा शिवला. तुवालू म्हणजे 'आठजण एकत्र उभे', असं कळलं म्हणून आधी आठच चांदण्या लावल्या. महेश फोनवर हसला. नवव्या बेटावर पूर्वी वस्ती नव्हती, म्हणाला. मधे तिथल्या सरकारनंही ती चांदणी काढली होती, मग परत लावली. आप्पांनीही लावली.

गेल्या सोमवारी पाळी सुटल्यावर त्यांना रेशन दुकानात नेलं. केवायसीची मुदत संपत आली होती. घरातल्या बाकीच्यांचे अंगठे आधीच झाले होते, आप्पांचाही झाला.

"महेशचा?" दुकानदारानं विचारलं.

"जहाजावर हाय."

"मग नाव कमी होईल, आप्पा. माझ्या हातात काय नाय."

"ध्यान देऊन ऐका," आप्पा म्हणाले, आणि समिंदरापासून सुरुवात केली. मागं रांग. मी कपाळाला हात लावला. "त्यांनीबी एक चांदणी काढली व्हती. परत लावायला लागली का न्हाई?"

दुकानदारानं पुढच्याचं कार्ड घेतलं.

घरी आलो. झोपायला निघालो, तर गच्चीवरनं हाक. वाऱ्यानं एक चांदणी उसवली होती.

"सुई ओवून दे. दिसत न्हाई मला."

ओवून दिली. सहज विचारलं, "महेशचा फोन कधी आला होता?"

"दिवाळीला."

"गेल्या?"

"न्हाई. त्याच्या आदल्या."

आप्पा टाके घालत राहिले. एवढे दिवस जांभया देत त्यांचं ऐकलं, पण हे एवढं कधी विचारलं नव्हतं. माझीच मला लाज वाटली.

"आप्पा, त्या नवव्या बेटावर कोणी राहत नव्हतं, तर चांदणी परत कशाला लावली?"

"आरं, मानूस नसंल. बेट तर हाय ना जाग्यावर."

त्यांनी दोरा दातानं तोडला. "जा, नीज जा. दमला असशील."

मी तिथंच फरशीवर बसलो. म्हटलं, "आप्पा, पहिल्यापासून सांगा. ध्यान देऊन ऐकतो."